इराच का?

ती. आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, म्हणून लिहितो. पोरीचं नाव इराच ठेवलंय. जन्मदाखलाही आला. पण पाळण्यात आत्या आजीचंच नाव कानात सांगेल, त्यात बदल नाही.

"हे काय नाव झालं बाप्पा? हाक मारता मारताच सरते," असं तुम्ही म्हणाल. अहो बाबा, धुऱ्यावर उभं राहून तुम्ही "बाळूऽऽ" अशी हाक द्यायचे, ती नाल्यापलीकडे ऐकू यायची. तीही दोनच अक्षरं.

महाराजांनी कृत्तिका नक्षत्र सांगितलं, म्हणजे अ, ई, उ, ए. त्यातलंच घेतलं. विष्णुपुराणात इरा ही कश्यपाची बायको. झाडं, वेली, गवत सगळं तिच्यापासून झालं. संस्कृतात इरा म्हणजे पाणी, अन्न. इरावती नदीच्या नावात तीच आहे. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, त्यांचं नाव तिथल्या नदीवरूनच ठेवलेलं. आजी गंगा आणि नात इरा, यात तुटलं काय?

लॅटिनमध्ये इरा म्हणजे राग, हे दादाच्या पोरानं मोबाईलवर शोधून तुम्हाला सांगितलंच असेल. खरं आहे. पण रशियात इरिनाला लाडानं इरा म्हणतात आणि ते नाव ग्रीक भाषेतल्या शांतीवरून आलंय. हिब्रूत तर ते पुरुषाचं नाव, अर्थ जागा राहणारा. पोरगी रात्रभर ज्या डोळ्यांनी टकामका बघते, त्यावरून मला हिब्रू जास्त पटतं.

आई, तुमची खोली तयार आहे. कूलर लावलाय, संडास खुर्चीचा आहे, बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. ज्वारी इथे मिळते, पण तुझ्या हातची भाकर नाही मिळत. अजून तापात मला तुझ्या लुगड्याचा वास आठवतो.

बाबा, दुपारी वावरात जायचं नाही. पऱ्हाट्या वेचायला गडी आहे. बीपीची गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवून, ते डॉक्टरांना विचारून आईनं कागदावर लिहून ठेवावं. बडनेऱ्याहून दादा गाडीत बसवून देईल. खालचेच बर्थ काढलेत. लोणच्याची बरणी आणू नका, सांडते.

आणि बाबा, आल्यावर तिला पहिली हाक तुम्हीच मारा. आवडेल त्या नावानं मारा.

तुमचा,
बाळू