साहेब, त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यात एका खोलीची फीत कापताना आपण म्हणालात, "लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरसाठी खानदेशातल्या माणसाला आता मुंबई गाठावी लागणार नाही." टाळ्या मीही वाजवल्या. परवा त्या खोलीपाशी गेलो, तर कुलूप. खिडकीतून डोकावलो. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड आणि तिच्यावर आपल्याच स्वागताचा फ्लेक्स.

माझी नात तीन वर्षांची. डावा डोळा काढावा लागला, रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे तोच लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर. तिची आजी सहा महिने सांगत होती, "तिना डोया मांजरनागत चमकस." मी चाळीस वर्षं मेडिकल चालवतोय, आणि मीच बायकोला वेड्यात काढलं. फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल, दुसरी पांढरी यायची. फोटो खराब आले म्हणून आम्ही ते पुसून टाकले. लसीकरणाला ही पोर न चुकता गेली. तिथे एकदा तरी कोणी डोळ्यात उजेड टाकून पाहायला नको? पंधरा-वीस हजार जन्मांमागे असं एक बाळ. म्हणजे देशात वर्षाला दीड हजार धरा. तुमच्या हिशेबात एवढी मतं म्हणजे किरकोळच.

मुंबईच्या अकरा फेऱ्या झाल्या. दर वेळी पोराची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, सूनबाई फलाटावर पोरीला मांडीवर घेऊन रात्र काढते. योजनेचं कार्ड आहे, पण फलाटावरची रात्र त्यात बसत नाही.

झोप येत नाही, म्हणून या रोगाबद्दल वाचत बसतो. पेशीच्या पडद्यात कॅल्शियम आत सोडणारी दारं असतात. माझ्या दुकानात बीपीची अॅम्लोडिपिन रोज जाते, ती त्यातल्याच एका जातीची दारं अडवते. रेटिनोब्लास्टोमाच्या पेशींत दुसऱ्या जातीची, टी-टाइप दारं सापडली, आणि पेशी पक्व झाल्या की ती नाहीशी होतात, हे 2002 सालीच छापून आलंय. त्याच वर्षी मायबेफ्राडिल नावाच्या औषधाने काचेच्या भांड्यात त्या पेशींची वाढ रोखून दाखवली. औषध तसं बीपीचंच, पण इतर गोळ्यांशी जमेना म्हणून 1998 मध्येच बाजारातून उठलेलं. मोठ्यांच्या डोळ्यातल्या मेलानोमा नावाच्या कॅन्सरमध्येही कॅल्शियम आहेच: बहुतेकांत जीएनएक्यू नाहीतर जीएनए11 हा जनुक बिघडतो, पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रिसेप्टरने न सांगताच आतला निरोप चालू राहतो, आणि त्या निरोपाची एक वाट पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यातून जाते. (कृपा करून कोणी पोराला बीपीची गोळी देऊ नका. भांड्यातली पेशी वेगळी, लेकरू वेगळं.)

पण भांड्यापासून लेकरापर्यंतचा रस्ता कोणी बांधायचा? दोन रुपयांच्या जुन्या गोळीत कंपनीला नफा नाही, आणि तुम्हाला फीत नाही. जळगावला विद्यापीठ आहे, धुळे-जळगाव-नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, शिकलेली पोरं आहेत. ती पुण्याला जाऊन पॅकिंगच्या लाइनवर उभी राहतात. आमची केळी दिल्लीला, कापूस गुजरातला, पोरं पुण्याला आणि आजारी लेकरं मुंबईला! खानदेशात राहतं काय, तर भूमिपूजनाचे दगड.

निदान एवढं करा: लसीकरणाच्या टेबलावर डोळा तपासायचं साधं यंत्र ठेवा, नर्सताईंना शिकवा, आणि ती खोली उघडा. खुर्च्या मी उचलतो.

नातीच्या उरलेल्या डोळ्याची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे, मुंबईलाच. तिकीट वेटिंगवर आहे, 43. आपल्या कोट्यातून होत असेल तर बघा.

आपला,
एक मेडिकलवाला आजोबा, अमळनेर