रॉयल क्रेसेंट मागूनही पाहा

संपादक महोदय,

इंग्लंडला जाणारे आपले पर्यटक बाथ शहरातील रॉयल क्रेसेंट या घरांच्या रांगेसमोर फोटो काढतात आणि बस गाठतात. खरी गंमत मागच्या बाजूला आहे! वास्तुविशारद जॉन वूड (धाकटे) यांनी 1767 ते 1774 या काळात उभारलेल्या या 30 घरांच्या अर्धचंद्राकार रांगेचा दर्शनी भाग एकसंध आहे : मधाच्या रंगाचा दगड, तळमजल्यावर साधी भिंत आणि तिच्यावर दोन मजले उंच आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले, ग्रीक शैलीचे) खांब, एकूण 114. मागे मात्र प्रत्येक मालकाने आपल्या सोयीने बांधले. छपरांची उंची वेगळी, खिडक्या वेगळ्या. पहिल्या क्रमांकाच्या घरात आता संग्रहालय आहे. तिथले तळघरातले स्वयंपाकघर आवर्जून पाहावे, नोकरांचे कष्ट तिथेच कळतात. सहल कंपन्यांनी यासाठी तासभर तरी राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे