एमसीव्ही 68

नौपाडा, ठाणे

चि. सौ. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "बाबा, तुमची लॅब आता बंद करा" म्हणालीस आणि मी गप्प बसलो. ऐरोली काही लांब नाही, येऊनही बोलता आले असते. पण समोर बसलो की माझे व्याख्यान सुरू होते, म्हणून हे पत्र.

तुझे हिमोग्लोबिन 11.2 आहे आणि गरोदरपणात ते 11 च्या वर असले की रक्तक्षय धरत नाहीत, हे तुझे म्हणणे खरेच आहे. माझी नजर अडली ती थोडी खाली, एमसीव्हीच्या ओळीवर. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान 80 ते 100 असावे, तुझे 68 आहे. दिवस गेल्यावर रक्तातला द्रव वाढतो आणि हिमोग्लोबिन उतरते, परंतु त्याने पेशी लहान होत नाहीत, झाल्याच तर किंचित मोठ्या होतात. लोह कमी पडले की त्या लहान होतात, पण मग त्यांची संख्याही सहसा घटते; तुझी तर 54 लाख आहे. 54 लाख म्हणजे 5.4 दशलक्ष; 68 ला 5.4 ने भागले की 12.6 येतात, आणि 13 च्या खाली उत्तर आले की आम्ही थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे या आनुवंशिक रक्तदोषाचे नुसते वाहक असण्याचा, संशय घ्यायचो. हा नुसता अंदाज, गरोदरपणात तर अधिकच कच्चा. निकाल एचपीएलसीतल्या, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या तपासणीतल्या, एचबीए2 या प्रकाराचा, आणि तोही लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनसोबत वाचायचा, कारण लोह कमी असेल तर एचबीए2 उगाच कमी दिसू शकते.

झालेच व्याख्यान. रागावू नकोस.

मायनर असलीस तरी तुझ्या प्रकृतीला त्याचा धोका नाही. प्रश्न अमोघचा आहे. तोही वाहक निघाला, तर प्रत्येक खेपेला मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे गंभीर रूप घेऊन, जन्मण्याची शक्यता चारात एक असते. दहावा आठवडा चालू आहे, त्याने याच आठवड्यात तपासणीसाठी रक्त द्यावे.

तू चौथीत असताना तुझी स्लाइड मीच पाहिली होती. लिम्फोसाइटच्या केंद्रकापेक्षाही लहान पेशी, मधोमध फिकट. तीन महिने लोहाचे सिरप पाजले, तुझे दात काळे पडले म्हणून आई माझ्यावर चिडली, पेशी होत्या तेवढ्याच राहिल्या. उल्हासनगरहून येणाऱ्या सिंधी कुटुंबांना पुढची तपासणी करून घ्या म्हणून बजावणारा मी, "आपल्यात कुठे असते" म्हणून स्वस्थ बसलो.

परवा मी माझीच एचपीएलसी करून घेतली. एचबीए2 5.1 आले, 3.5 च्या वर गेले की वाहक समजतात. आईला अजून सांगितलेले नाही.

तुझी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नकोस, आणि चहाबरोबर घेऊ नकोस. अमोघला मी फोन करणार नाही, तूच सांग. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही, हे आधी सांग म्हणजे तो कुरकुर करणार नाही.

तुझे बाबा