चंद्री आता चालते, मॅडम

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं दवाखान्यात गेल्यावरच कळलं. नव्या गावाचं नाव कुणी धड सांगेना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच लिहिते आहे. आमच्या संगमनेर तालुक्यात घरोघरी संकरित गाई आहेत आणि कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात एखादी बसलेली, म्हणजे उठताच न येणारी, असतेच. त्यांच्याही उपयोगी पडेल.

आमच्या चंद्री गाईचं वासरू मोठं होतं, वितानाच अडलं. ओढून काढलं तेव्हा ते वाचलं, पण तिच्या मागच्या पायांत जोर राहिला नाही. त्यात उठायच्या धडपडीत ओल्या कोब्यावर दोन्ही पाय फाकून ती पसरली. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या 1962 या नंबरला फोन लावला आणि गाडीतून तुम्ही आलात, तोवर गोठ्यात ही गर्दी! जो तो म्हणे, उठवा. कुणी शेपूट पिरगाळतंय, कुणी वासे आणायला पळतंय. आणि आलेला प्रत्येक जण जाताना सासूबाईंना सांगून जाई, "आता हिचं काही खरं नाही."

तुम्ही आधी ती गर्दी बाहेर काढलीत. मग चंद्रीचे कान हातात धरून पाहिलेत. गार लागले, म्हणजे अंगातलं कॅल्शियम उतरलं असणार, म्हणून कॅल्शियमची 450 मिलीची बाटली शिरेतून लावलीत, तीही थेंबाथेंबाने, दुसऱ्या हाताने छातीला नळी लावून ठोके ऐकत. घाईने सोडली तर काळीज बंद पडू शकतं, म्हणालात. कान ऊबदार झाले, तिने शेण टाकलं, वैरणीला तोंडही लावलं, पण उठेना. तेव्हा तुम्ही खुराच्या बेचक्यात सुई टोचलीत आणि तिने पाय आखडून घेतला. मला वाटलं, कशाला दुखवायचं बिचारीला? तुम्ही मात्र हसलात. जाणीव शाबूत होती. मागचा पाय गोल फिरवत खुब्याला नळी लावून ऐकलंत, आतून हात घालून कमरेचं हाड चाचपलंत. मोडलं काही नव्हतं. वासरू बाहेर येताना ओटीपोटातली नस चेपली होती आणि पाय फाकल्याने मांडीच्या आतलं मांस ताणलं होतं.

आणि मग म्हणालात, "हिला आज उठवायचं नाही. आज हिला नीट बसवायचं."

मॅडम, आभार मानायचे ते या वाक्याचे. साडेचारशे किलोचं जनावर कोब्यावर एकाच कुशीवर तासन्‌तास पडलं, की खालच्या मांडीचं रक्त कोंडतं आणि मांस आतल्या आत मरायला लागतं. मूळ दुखणं बरं होतं, पण गाय या दाबानेच कायमची बसते. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गावात बसलेल्या गाई उठत नाहीत त्यांतल्या निम्म्या तरी अशाच गेल्या असतील, असं आता वाटतं.

शेजारी बांधकाम चालू होतं. आजकाल कुणी वाळूचं घमेलंही उसनं देत नाही, पण त्यांनी ट्रॉलीभर दिली. तुम्ही फूटभर जाड थर घालायला लावलात, वर उसाचं पाचट. ताडपत्री अंगाखाली सरकवून तिला त्यावर ओढून घेतलं. गव्हाणीसमोर नको, म्हणालात. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते आणि त्यासाठी मुंडकं पुढे झोकते. समोर भिंत असेल तर झोकणार कुठे? इतकी वर्षं गाई सांभाळतो, रोज उठताना पाहतो, पण हे कधी मनात आलं नव्हतं. मागच्या दोन्ही पायांना दोन फुटांच्या अंतराने मऊ पट्टा बांधलात, पुन्हा फाकू नयेत म्हणून.

दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मुंडकं उलट्या अंगाला वळवायचं, दबलेला पाय अंगाखालून मोकळा करायचा, दोघांनी खुब्याला रेटा द्यायचा आणि लगेच बगलेला भुशाची पोती लावायची. आडवी पडली तर पोटातला वायू ढेकरातून बाहेर पडत नाही आणि गाय फुगते. ह्यांनी मोबाइलवर गजर लावून ठेवले होते. पहाटेच्या गजराला मात्र मामंजीच आधी उठायचे. गजराचा भरवसा नाही, म्हणायचे. बादली तिच्या तोंडाशी, सड पुसून कोरडे, कास पहिले काही दिवस पूर्ण रिकामी करायची नाही, हे सगळं तुम्ही वहीच्या पानावर लिहून दिलंत. ते पान अजून गोठ्याच्या खांबाला चिकटवलेलं आहे.

दिरांनी मेडिकलमधून दुखणं थांबवायची माणसांची डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं आणली होती. ती तुम्ही परत पाठवलीत आणि दुखण्यावरचं दुसरं औषध, मेलोक्सिकॅम, दिलंत. 2006 पासून जनावरांना डायक्लोफिनॅक द्यायला बंदी आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडंही मरतात. आमच्याकडे गिधाड दिसून किती वर्षं झाली कोण जाणे. मामंजी एवढंच म्हणाले, "म्हणून गेली होय ती."

उचलायची वेळ आली तेव्हाही तुमची शिस्त तीच. तीन वाशांचं तिकाटणं, चेन पुली, छातीखालून रुंद पट्टा. पायांवर भार घेतला तर थोडा वेळ उभी ठेवायची, नुसती लोंबकळली तर लगेच खाली. पहिल्यांदा लोंबकळलीच. त्या दिवशी मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, वाचेल का? तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. "खातेय, रवंथ करतेय, स्वतःहून पुढे सरकायला बघतेय, म्हणून मी येते आहे. हे थांबलं तर सांगेन," म्हणालात. आम्हाला तेवढं पुरलं.

आता ती चालते. डावा मागचा पाय जरा ओढते आणि दूध गेल्या वेतापेक्षा कमी आहे. दुधाचा हिशेब मांडणारे मांडोत, सासूबाईंनी तो विषय घरात बंद केलाय. कालवडही चांगली उंडारते.

तुमचा पट्टा आमच्याकडेच राहिलाय. पलीकडच्या वस्तीवर म्हैस बसली म्हणून त्यांनी मागून नेला. सोबत खांबावरच्या पानाचा फोटोही पाठवला आहे. आला की नव्या डॉक्टरांकडे जमा करू, की तुमच्याकडे पोचवू, तेवढं कळवा.

तुमची,
चंद्रीच्या घरची थोरली सून