पान झाकून शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. समोर बसून आभार मानायला गेले की आपण ‘अगं, त्यात काय’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र लिहिते आहे.

पाणबुडीयुद्धाचे डावपेच समजून घेण्यासाठी मी बडोद्यात ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले, त्यांनी बुडालेल्या जहाजांची नावे आणि सनावळ्या हातात ठेवल्या. एका शिक्षकांनी तर ‘मुलींनी या फंदात पडू नये’ असे चारचौघांत ऐकवले. तो सल अजून गेलेला नाही. आपण मात्र, नौदलात उमेदीची वर्षे घालवलेले, डांडिया बाजारातल्या आपल्या घरी मला बसवून घेतलेत आणि ‘कुठवर वाचलंस?’ एवढेच विचारलेत.

ते पान ‘वाहू’ या अमेरिकन पाणबुडीच्या हकिकतीचे होते. २४ जानेवारी १९४३, न्यू गिनीतील वेवाक. आधी सोडलेले टॉर्पेडो वाया गेलेले आणि जपानी विनाशिका थेट अंगावर येत असलेली. नेमक्या तिथे आपण पुढच्या मजकुरावर तळहात ठेवलात आणि म्हणालात, “आता कप्तान तू. काय करशील?” समोरून येणाऱ्या जहाजाची रुंदी फारच थोडी दिसते, त्यामुळे नेम कठीण, लांबून सोडलेला टॉर्पेडो त्याला चुकवता येतो आणि जवळ येऊ द्यावे तर आपल्यालाच बुडी मारायला वेळ उरत नाही, हे माझे मला उमगेपर्यंत चहा निवला, पण आपला हात हलला नाही. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या विचाराला इतका अवधी द्यावा, ही सभ्यता मला शाळा-कॉलेजात क्वचितच भेटली.

हात उचलल्यावर दिसले की कप्तान मॉर्टनने विनाशिका जवळ येऊ दिली आणि अखेरचा टॉर्पेडो लागला. पेरिस्कोप त्याने रिचर्ड ओ’केन या सहकाऱ्याच्या हाती दिला होता, म्हणून स्वतः मोकळेपणाने विचार करू शकला, हे आपण दाखवलेत. मॉर्टनच्या मते ती विनाशिका बुडाली. प्रत्यक्षात ‘हारुसामे’ किनाऱ्याला लागून वाचली आणि पुढे दुरुस्त झाली. प्रतिपक्षाची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही कप्तानाच्या वृत्तांतावरून डावपेच ठरवू नयेत, हा आपला आग्रह मी आता पाळते.

त्या शिक्षकांचे बोलणे कानावर घातले, तेव्हा आपण त्यांना नावे ठेवली नाहीत; लिव्हरपूलची हकिकत सांगितलीत. १९४२ पासून तिथे गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली ब्रिटिश नौदलातील तरुण मुली सरावाच्या लुटुपुटीच्या लढाईत जमिनीवर खडूने जहाजांचे मार्ग आखत, तर संरक्षक जहाजांचे अनुभवी अधिकारी पडद्याआडून, फटीतून दिसेल तेवढेच पाहून हुकूम देत. जर्मन पाणबुड्या रात्री पाण्यावरूनच, व्यापारी जहाजांच्या ताफ्याच्या मागून आत शिरतात, हा उलगडा त्याच पटावर झाला. ती संध्याकाळ माझ्यासाठी मोठी होती, काका.

मार्च १९४१ मधील ‘एचएक्स ११२’ ताफ्याचे, ज्यात जर्मन पाणबुडीचा कप्तान क्रेचमर पकडला गेला, जर्मन आणि ब्रिटिश असे दोन्ही वृत्तांत मी मिळवले आहेत. आपल्या सवडीची वेळ कळवावी.

आपली नम्र विद्यार्थिनी