विषय: भुलीखालच्या कुत्र्याचे ४८ ठोके ९६ दाखवणारा तुमचा मॉनिटर

प्रति,
प्रमुख, विक्रीपश्चात सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनला केलेला चौथा फोनही निष्फळ गेला, म्हणून हे लेखी देत आहोत.

तुमचा मल्टिपॅरा मॉनिटर (ठोके, ऑक्सिजन, रक्तदाब एकाच पडद्यावर दाखवणारे यंत्र) ‘श्वान’ मोडवर ठोके दुप्पट मोजतो. निरोगी कुत्र्याच्या ईसीजीत टी लहर (ठोक्यानंतरची छोटी लहर) बहुधा आर लहरीच्या (ठोक्याच्या उंच टोकाच्या) पाव उंचीच्या आत असते. पण ऑक्सिजन कमी पडला किंवा रक्तात पोटॅशियम वाढले की ती उंच होते आणि तुमचे यंत्र तिलाच आणखी एक ठोका समजते. म्हणजे हृदय अडचणीत येते नेमके तेव्हाच पडद्यावरचा आकडा चांगला दिसतो.

काल सीटीच्या टेबलावर ९ किलोचा पग होता. आधी गुंगीचे औषध डेक्समेडेटोमिडीन, नंतर भुलीचा वायू आयसोफ्लुरेन. पडद्यावर ९६, अन्ननलिकेतल्या स्टेथोस्कोपवर ४८. पल्स ऑक्सिमीटरच्या लहरी मोजल्या, त्याही ४८. खालचा अलार्म ६० ला लावला होता, तो वाजलाच नाही. चपट्या नाकाच्या जातींत ठोके मंदावणाऱ्या व्हेगस नसेचा जोर मुळातच जास्त असतो, त्यात डेक्समेडेटोमिडीन ठोके आणखी उतरवते. स्कॅन सुरू झाला की आम्ही काचेपलीकडे जातो. तेव्हा मांडीतल्या नाडीवर बोट नसते, हिरड्यांचा रंग दिसत नाही. उरतो फक्त तुमचा पडदा.

आता तुमच्या प्रतिनिधीचे बोलणे. पहिले उत्तर, “मॅडम, कुत्रा हलला असेल.” भूल दिलेला, नळी घातलेला कुत्रा! मग “जेल लावा.” लावले होते. क्लिपा पुन्हा ओल्या केल्या, ईसीजीची लीड (जोडणी) दोनवरून एकवर आणली, गेन (लहर मोठी करून दाखवण्याचे प्रमाण) अर्धा केला. पडद्यावरची लहर लहान झाली, मोजणी तीच राहिली. हेही सांगितले. त्यावर, “एसपीओटू ९८ आहे ना? मग पेशंट स्टेबल आहे. मशीन चुकत नाही, तुमची मोजणी चुकली असेल.”

शुद्ध ऑक्सिजनवर असलेल्या कुत्र्याचे एसपीओटू रक्ताभिसरण ढासळत असतानाही ९८ राहू शकते. ते हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन आहे एवढेच सांगते, हृदय किती रक्त पुढे ढकलते ते नाही. भुलीचे मॉनिटर विकणाऱ्यांना हे आम्ही सांगावे लागते, याचा संताप येतो. आणि स्टेथोस्कोप कानाला लावून बसलेल्या पशुवैद्यकाला “तुमची मोजणी चुकली” म्हणायचे?

ठोके ४८ झाले की पुढचे सगळे रक्तदाबावर ठरते. दाब चांगला असेल तर ठोके वाढवणारे ॲट्रोपिन टाळून गरजेप्रमाणे डेक्समेडेटोमिडीनवर अटिपामेझोलचा उतारा द्यायचा. सरासरी दाब ६० च्या खाली गेला असेल तर भूल कमी करून लगेच उपचार. पण तुम्ही दिलेला कफ (दाब मोजायचा पट्टा) या पगच्या पुढच्या पायाला फार रुंद आहे. कफची रुंदी पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. रुंद कफ दाब खोटा कमी दाखवतो, अरुंद कफ खोटा जास्त. ठोके खोटे, दाबही खोटा.

आठ दिवसांत श्वान मोडची मोजणी दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर द्या किंवा यंत्र परत घेऊन पैसे द्या. कुत्र्यांच्या मापाच्या कफचा पूर्ण संच द्या. उंच टी लहर किती मिलिव्होल्टपर्यंत ठोका न धरता गाळली जाते, तो आकडा लेखी द्या. माहितीपुस्तिकेत तो कुठेच नाही. तोवर हा मोड वापरणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला सूचना पाठवा. ठोके दुप्पट मोजले जातात हे त्यांना कळलेच पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून प्राण्यांसाठीची वैद्यकीय उपकरणेही औषध कायद्याखाली येतात. मुदतीत उत्तर आले नाही तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे तक्रार जाईल. हा दवाखाना आमच्या स्वयंरोजगाराचा आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाऊ. शहरातल्या इतर पशुवैद्यकांना तुमचेच यंत्र आम्ही सुचवले होते, याचे फार वाईट वाटते. त्यांना आजपासून एकेक फोन करून सांगत आहोत, की श्वान मोडच्या आकड्यावर विसंबू नका, ठोके कानाने मोजा.

पट्टीवर छापलेले ईसीजी आणि त्याच क्षणाच्या पल्स लहरी सोबत जोडल्या आहेत.

पशुवैद्यक, कोथरूड, पुणे