लस टोचली, पण शुगरचं काय करायचं ते कोण सांगणार?

मा. संपादक,

सध्या पेपरात, रेडिओवर सगळीकडे चाललंय की साठीच्या पुढच्यांनी आणि डायबेटिसवाल्यांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या. बरोबरच आहे, मीही घेतली. वय ६३, चौदा वर्षांपासून शुगर, दिवसा मेटफॉर्मिन आणि रात्री झोपताना इन्सुलिनचं एक इंजेक्शन. शनिवारी संध्याकाळी दोन्ही दंडांत एक एक लस टोचून घेतली आणि पाच मिनिटांत दवाखान्याच्या बाहेर. २०२१ मध्ये कोविशील्ड घेतली तेव्हा अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, ताप येईल म्हणून आधीच सांगितलं होतं, आता मात्र बिल हातात दिलं आणि पुढचा पेशंट आत.

रात्री नऊला हुडहुडी भरली. ताप १०१, दंड इतका दुखतोय की कुशीवर वळता येईना, जेवणावरची वासनाच गेली. बायकोने पेज करून दिली, दोन चमचे घेतली आणि आडवा झालो. आता खरी चूक इथे झाली. पोटात काही नाही मग इन्सुलिन घेतलं तर शुगर एकदम खाली जाईल असं वाटलं म्हणून त्या रात्रीचं इंजेक्शनच घेतलं नाही. शेजारच्या काकांनीही तेच सांगितलं, त्यांचा अशा बाबतीत फार आत्मविश्वास असतो. सकाळी मशीनवर ३१२. तोंड कोरडं पडलेलं, रात्रीत पाच वेळा लघवीला उठलो होतो ते वेगळंच. मला वाटलं मशीन बिघडलं, दुसरी पट्टी लावली तर ३०६.

रविवार, दवाखाना बंद. माझे नेहमीचे डॉक्टर भले माणूस, त्यांनी फोन उचलला. ते म्हणाले, अहो ताप आला की शरीर ताणाखाली येतं, कॉर्टिसोल, अॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं, त्यामुळे तुम्ही उपाशी असलात तरी शुगर चढते, म्हणून रात्रीचं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, डोस बदलायचाच असेल तर आधी मला विचारा. दर चार तासांनी तपासा, पाणी पीत राहा, तापाला पॅरासिटामॉल. उलट्या सुरू झाल्या, गुंगी वाटली किंवा शुगर तीनशेच्या खाली येईचना तर सरळ हॉस्पिटल गाठा. आणि उलट्या होत असतील तर मेटफॉर्मिन घेण्याआधीही फोन करा. सोमवारी संध्याकाळी ताप गेला, शुगर मंगळवारी ताळ्यावर आली.

कृपया हे पत्र लसीच्या विरोधात वाचू नका. फ्लूच्या या इंजेक्शनात मेलेला विषाणू असतो, त्याने फ्लू होत नाही, एक-दोन दिवस कणकण येते ती शरीर कामाला लागल्याची खूण. आणि खरा फ्लू झाला असता तर माझ्यासारख्याची शुगर आठवडाभर हाताबाहेर गेली असती हे मलाही कळतं. तक्रार एवढीच की डॉक्टरांनी फोनवर जे सांगितलं ते पाव पानावर मावतं. एवढा कागद, मराठीत, टोचायच्या आधी हातात द्यायला काय जातंय? निदान शुगर आहे का, इन्सुलिन चालू आहे का, एवढं तरी विचारा ना, मला कुणी विचारलंच नाही.

आणखी एक, औषधाचा किंवा लसीचा त्रास झाला तर कळवायला सरकारचा टोल-फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, पेशंटसुद्धा स्वतः फोन करू शकतो. चौदा वर्षं दवाखान्यांत बसतोय, हा नंबर एकाही भिंतीवर लावलेला पाहिला नाही.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. पुढच्या वर्षी मी घेणारच आहे, फक्त सोमवारी सकाळी, म्हणजे रात्री ताप आला तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात असतील.

- एक ज्येष्ठ वाचक, मिरज